शब्द पोहोचविणारा गायक
(पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या चरित्रग्रंथाची प्रस्तावना)

गोमंतकाच्या संगीताचे दफ्तर उलगडून बसणाऱ्या कोणाही अभ्यासकाला पहिल्या काही पानांतच अचंबा वाटावा अशी गोष्ट ही, की जो मुलूख नकाशावर बोटाच्या पेराखाली झाकून जातो, त्या मुलखातील देवळांच्या आवारांनी अर्ध्या शतकाच्याही आत हिंदुस्थानी संगीताला जेवढे थोर गायक दिले, तेवढे देण्याचे भाग्य मोठमोठ्या संस्थानांच्या राजधान्यांनाही क्वचितच लाभले. 1892 मध्ये केरीस केसरबाई जन्मल्या, 1900 मध्ये मंगेशीचे दीनानाथ, 1904 मध्ये कुर्डीच्या मोगूबाई, 1914 मध्ये बांदोड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे. आणि या मालिकेत 1929 च्या सप्टेंबर महिन्याच्या 21 तारखेस मंगेशीच्याच एका पुजारी-कीर्तनकाराच्या घरी ज्या मुलाची भर पडली, त्याचे घरचे नाव गणेश बळवंत नवाथे. तोच पुढे जितेंद्र अभिषेकी या नावाने मराठी माणसाच्या घरोघरी जाऊन पोहोचला. त्या गायकाचे हे चरित्र वाचकांच्या हाती देताना, त्याचा जीवनवृत्तान्त केवळ तारीखवार न सांगता, तो लोकप्रिय झाला म्हणजे नेमके काय झाले आणि ते कशामुळे झाले, याचा थोडा विचार आरंभीच करून ठेवणे हे प्रस्तावनेचे काम आहे, असे मी समजतो.

लोकप्रियता या गोष्टीकडे आपल्याकडील संगीतज्ञ मंडळी नेहमीच काहीशा संशयाने पाहत आली आहेत. जे पुष्कळांना आवडते ते हिणकस असले पाहिजे, असा एक अलिखित दंडक मैफलींच्या जगात चालत आलेला आहे. आणि त्या दंडकाला अनुसरून अभिषेकीबुवांविषयी दोन परस्परविरुद्ध तक्रारी आजवर ऐकू येत राहिल्या. काहींचे म्हणणे असे, की नाट्यपदांच्या आणि अभंगांच्या मागे लागल्यामुळे एका अव्वल दर्जाच्या ख्यालगायकाचे नुकसान झाले. आणि दुसऱ्या काहींचे असे, की रंगभूमीवरचे सरळ गोड गाणे या विद्वान गृहस्थाने विनाकारण अवघड करून ठेवले. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच समजूत आहे: विद्वत्ता आणि लोकप्रियता ही दोन निरनिराळी खाती असून एकात जमा केलेली रक्कम दुसऱ्यातून वजा पडते. अभिषेकीबुवांचे आयुष्य नीट वाचले, तर ही समजूत त्यांच्यापुरती तरी निराधार ठरते, असे माझे मत आहे. आणि ते का, हे समजण्यासाठी प्रथम ते ज्या देवळातून आले त्या देवळाच्या वहिवाटीकडे पाहिले पाहिजे.

श्रीमंगेशाचे मूळ स्थान मुरगाव महालातील कुशस्थळी येथे होते. सोळाव्या शतकात तेथे पोर्तुगीज अंमलाची धार देवालयांवर चालू लागली, तेव्हा 1560 मध्ये भाविकांनी ते लिंग जुवारी नदीपलीकडे, फिरंग्यांच्या हुकमतीबाहेर असलेल्या अंत्रुज महालात, प्रियोळच्या एका शांत खोऱ्यात आणून स्थापिले. साष्टी आणि तिसवाडीतील इतर दैवतांनीही असाच मार्ग धरला. पुढे अंत्रुज महाल 1763 मध्ये आणि आमचा पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला खरा. पण तोपर्यंत धर्मच्छळाचा पहिला जोर ओसरलेला असल्यामुळे या नव्या काबिजादीतील देवस्थानांची इनामे, उत्सव, पालख्या आणि मानपान बव्हंशी शाबूत राहिले. या शाबूत राहिलेल्या व्यवस्थेत संगीताला ठरीव जागा होती. चौघडा झडत असे, पालखीपुढे गाणे होत असे, रात्री कीर्तन उभे राहत असे; आणि ज्या कलावंत घराण्यांकडे देवापुढील गायन-नर्तनाची सेवा परंपरेने चालत आली होती, त्या घराण्यांतील स्त्रियांनी, समाजाने दिलेली उपेक्षा सोसून, स्वरविद्येचा जो ठेवा जतन केला, त्यातूनच केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारखी रत्ने निपजली. गोमंतकाच्या संगीतावर त्या घराण्यांचे ऋण एवढे मोठे आहे, की त्याची नोंद पहिल्या पानावर न करणारा कोणताही इतिहास अपुराच राहील.

अभिषेकींचे घराणे मात्र देवळाच्या दुसऱ्या अंगाचे. देवावर अभिषेक करण्याची वृत्ती ज्यांच्याकडे, ते अभिषेकी. दीनानाथांचे वडील गणेशभटही त्याच वृत्तीचे धनी. जितेंद्र यांचे वडील बळवंतराव हे पूजाअर्चा सांभाळून कीर्तने करीत, आणि मुलाच्या कानावर पडलेले पहिले संगीत ते या कीर्तनाचे. कीर्तनकाराचे गाणे आणि मैफलीच्या गवयाचे गाणे यांत एक मूलगामी भेद आहे. मैफलीतला गवई जाणत्यांसाठी गातो, आणि शब्द त्याला बहुधा स्वरांच्या विस्ताराची खुंटी म्हणून लागतो. कीर्तनकाराच्या समोर मात्र देवस्थानचे महाजन, शेतावरून परस्पर आलेली कुळे, म्हाताऱ्या विधवा आणि पेंगुळलेली पोरे असा अठरापगड समुदाय बसलेला असतो, आणि त्यांच्यापैकी शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानापर्यंत आख्यानातला शब्द त्याच्या अर्थासह गेला नाही, तर गाणे कितीही सुरेल असले तरी कीर्तन पडले असे मानतात. आर्या, साकी, दिंडी, ओवी, अभंग, पद असे नाना बंध एकाच आख्यानात पाळीपाळीने हाताळावे लागत असल्यामुळे, कोणत्या भावाला कोणता बंध आणि कोणती चाल शोभते याची जाणीवही तेथे आपोआप घडत जाते. अभिषेकीबुवांनी पुढे आयुष्यभर जे केले त्याचे बीज येथे आहे. त्यांनी पुष्कळ गुरू केले, पुष्कळ विद्या मिळविली. परंतु ती सगळी विद्या त्यांनी शब्द पोहोचविण्याच्या त्या पहिल्या शिकवणुकीच्या सेवेला लाविली, हे या चरित्राचे सार आहे.

ही गोष्ट मंगेशीपासून दूर असलेल्या आमच्या इब्रामपुरासारख्या गावात अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते. दोडामार्गच्या शिवेलगत, तिळारीचे पाणी शापोरा हे नाव घेऊन जेथून पुढे वाहत जाते त्या टापूतले हे गाव. येथे संगीतसभा नाहीत, तिकीट लावून होणाऱ्या मैफली नाहीत. आहे ते देवळातले भजन, वर्षाकाठचे सप्ताह, आणि जत्रेच्या रात्रीचा दशावतार. आमच्याकडील भजनाचा शिरस्ता ठरलेला असतो: नमन होते, रूपाचा अभंग होतो, मग इतर अभंग, गजर, गौळण, आणि शेवटी भैरवी. पेटीवर बसलेला बुवा दिवसा कुठे कारकून असतो, कुठे बागायतीत काम करणारा असतो. पखवाजी आणि झांजवाला त्याच्याच वाड्यावरचे. असा एखादा बुवा काळी दोनमध्ये सूर धरून अभिषेकीबुवांच्या चालीचा अभंग म्हणू लागतो, तेव्हा त्याचे गाणे जरा लक्ष देऊन ऐकावे. मूळ ध्वनिमुद्रिकेतील आलापीचा बारकावा त्याने सोडून दिलेला असतो, कारण तो त्याच्या गळ्याच्या आवाक्यात नसतो. तान तो घेतो पण आपल्या बेताची घेतो. ठेका भजनी करतो. परंतु ध्रुवपदाची जी ओळ जेथे उचलावी असे पंडितजींनी ठरविले ती तेथेच उचलतो, जो शब्द दोनदा निरनिराळ्या अंगांनी म्हणावा असे त्यांनी दाखविले तो तसाच दोनदा म्हणतो, आणि कोरस धरणारी पोरे नेमक्या त्या जागी मान डोलावतात. रागाचे नाव विचारले तर त्यांच्यापैकी एकालाही सांगता यायचे नाही. एवढे सगळे गाळूनही जी चाल उभी राहते, तिची बांधणी किती पक्की असली पाहिजे!

या बांधणीसाठी लागणारी सामग्री अभिषेकीबुवांनी कोठून कोठून गोळा केली, याचा वृत्तान्त पुढील प्रकरणांतून सविस्तर येईलच. येथे त्याची दिशा तेवढी सांगतो. घरच्या शिकवणुकीनंतर गिरिजाबाई केळेकर यांच्याकडे त्यांना पहिली रीतसर तालीम मिळाली, आणि या गिरिजाबाई ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या ज्येष्ठ भगिनी असल्यामुळे, देवळाच्या गाभाऱ्यातली आणि सभामंडपातली अशा दोन्ही परंपरांची गाठ मुलाच्या गळ्यात बालपणीच पडली. त्यानंतर गोवा सोडून ते शिक्षणासाठी बाहेर पडले. संस्कृत साहित्याचा अभ्यास करून त्यांनी पदवी घेतली. आणि ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवितो, कारण गवयाच्या चरित्रात पदवीला सहसा शोभेपलीकडे किंमत नसते, पण येथे ती आहे. समास कोठे सुटतो, क्रियापदावर भार कोठे पडतो, विशेषण विशेष्यापासून तोडले तर अर्थाचे काय होते, हे ज्याला व्याकरणातून कळलेले आहे, त्याच्या गाण्यात यती भलत्या ठिकाणी येत नाही आणि श्वास शब्दाच्या मध्ये तुटत नाही. अभिषेकीबुवांचे कोणतेही पद या दृष्टीने तपासून पाहावे. गद्यात वाचताना जेथे थांबावे तेथेच ते गाण्यात थांबलेले आढळतील.

पुढे मुंबई आकाशवाणीवर त्यांनी काही काळ नोकरी केली. कोकणी विभागाचे कार्यक्रम, ठरलेल्या मिनिटांत बसवायची गीते, नव्या कवींच्या नव्या रचना, निरनिराळ्या पेशांच्या वादकांचा सहवास, हे सर्व तेथे त्यांना लाभले. आणि आकाशवाणीच्या घड्याळाने त्यांना एक गोष्ट अशी शिकविली, की जी भल्याभल्या गवयांना जन्मभर साधत नाही. थोडक्यात सांगणे ती गोष्ट! तीन-चार मिनिटांच्या मुदतीत स्थायी मांडायची, अंतरा उलगडायचा, भाव पुरा करायचा आणि श्रोत्याला अपुरे वाटू द्यायचे नाही, या शिस्तीचा उपयोग त्यांना रंगभूमीवर अमोल झाला. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी उस्ताद अझमत हुसेन खाँ यांच्याकडे पुढची तालीम घेतली. खाँसाहेब ‘दिलरंग’ या नावाने बंदिशी बांधीत आणि उर्दू शायरीतही रमत. तेव्हा संस्कृतच्या या विद्यार्थ्याला शब्दाची दुसरी, नजाकतीची बाजू तेथे पाहावयास मिळाली. जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे ‘गुणीदास’, यांच्याकडून आग्रा गायकीचा बोलांचा जोर आणि लयीची पकड आली. जोगकंस हा आज सर्वतोमुखी झालेला राग ज्यांच्या प्रतिभेतून आकाराला आला तेच हे जगन्नाथबुवा. आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर परंपरेतील अनवट रागांचा व बंदिशींचा संग्रह जपून बसलेले मुंबईचे धनिक रसिक गुलुभाई जसदनवाला यांच्याकडून त्या गायकीचा दरवाजाही त्यांना उघडला गेला.

घराण्यांच्या कडक सरहद्दींचे तेव्हाचे दिवस लक्षात घेतले, तर एका शिष्याने इतक्या ठिकाणी पाटी घेऊन बसणे हे सर्वांनाच मानवले असेल असे नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा वेळी ऐकविणारे जागोजाग असतात. परंतु अनेक ठिकाणी शिकलेला मनुष्य दोन प्रकारचा असतो: एक, जो प्रत्येक गुरूची लकब उचलून आणतो आणि जन्मभर त्या लकबींचे प्रदर्शन मांडतो, आणि दुसरा, ज्याच्याजवळ आधीच एक प्रश्न असतो व त्या प्रश्नाचे उत्तर तो दारोदार मागत फिरतो. अभिषेकीबुवा दुसऱ्या प्रकारातले. आग्र्याच्या बोलबनावात त्यांना शब्दाची लयीशी झुंज दिसली, जयपूरच्या पेचदार रागांत भावाच्या मिश्र छटा दिसल्या, आणि दोहोंचा हिशेब त्यांनी आपल्या मूळ खात्यात मांडला.

आता रंगभूमीकडे वळू. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तीन-चार दशके मराठी संगीत नाटकाने जे वैभव भोगले, त्याचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांच्या आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या, बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या महाराष्ट्रभर झाल्या. त्या काळचा शिरस्ता असा, की एखादी नामांकित बंदीश, ठुमरी वा कजरी निवडायची आणि तिच्या मापाने मराठी शब्द बसवायचे. चाल आधी, शब्द मागून. त्यामुळे संगीत उंची आले, पण नाटक पुष्कळदा थांबून राही. एकेका पदाला ‘वन्समोअर’ची बरसात होऊन रात्र सरे तरी नायिका स्वयंवराच्या मंडपातच उभी! 1932 नंतर मराठी बोलपटाने ही रात्रभराची चैन मोडून काढली, नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे उठली, आणि संगीत नाटक ही वडीलधाऱ्यांच्या आठवणींत जमा झालेली वस्तू होते की काय, असे वाटू लागले. 1960 मध्ये विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि 1963 मध्ये ‘मंदारमाला’ आले, आणि जुन्या घाटाच्या संगीत नाटकाला पुन्हा प्रेक्षक मिळू शकतो असे सिद्ध झाले. नव्या घाटाचे काम मात्र शिल्लक होते.

ते काम 1964 मध्ये ‘मत्स्यगंधा’ने केले. नाटककार वसंत कानेटकर. संस्था 1919 पासून मुंबईत गोमंतकीयांना एकत्र आणणारी गोवा हिंदू असोसिएशन. पराशराच्या भूमिकेत म्हापशाचे रामदास कामत, सत्यवतीच्या भूमिकेत आशालता वाबगावकर. आणि संगीत अभिषेकीबुवांचे. गोवा मुक्त होऊन तेव्हा पुरती तीन वर्षेही झालेली नव्हती, आणि मुक्त गोमंतकाने मराठी रंगभूमीला दिलेला जणू हा पहिला नजराणा होता. या नाटकात त्यांनी शिरस्ता उलटा केला. शब्द आधी हाती घेतले, प्रसंग विचारला, पात्राची त्या क्षणीची मनःस्थिती विचारली, आणि मग चाल बांधली. पदांची लांबी आटोपशीर केली, विस्ताराला मर्यादा घातली, तानेला कारण असल्यावाचून प्रवेश दिला नाही. गद्य संवाद जेथे अपुरा पडतो नेमक्या तेथे गाणे सुरू व्हावे आणि पात्राच्या मनात एक पाऊल पुढे टाकून संपावे, असा हा नवा कायदा होता. कीर्तनातले पद आख्यानाला पुढे नेते, अडवून धरीत नाही, हे ज्याने बाळपणापासून पाहिले त्याला हा कायदा कोणी शिकवावा लागला नसेल.

1966 मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले. त्यातील ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ हे पद अभिषेकीबुवांच्या स्वतःच्या आवाजात आजही सर्वत्र ऐकू येते, आणि त्यांची रीत समजावी म्हणून ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पदासाठी त्यांनी निवडलेला चारुकेशी हा राग कर्नाटक पद्धतीतून हिंदुस्थानी संगीतात आलेला. त्याच्या पूर्वांगात ऋषभ-गंधार शुद्ध, म्हणून तेथे प्रसन्न उजेड आहे. उत्तरांगात धैवत आणि निषाद कोमल, म्हणून वर जाऊ लागताच त्या उजेडावर व्याकुळतेची छाया येते. सुरांना आवाहन आहे, पण ते विरही मनाचे आवाहन आहे. आशा आणि कासाविशी या दोन्ही एकाच वाक्यात गुंतलेल्या आहेत. आणि रागाची घडणच अशी दुहेरी निवडल्यामुळे गायकाला भाव वेगळा ‘दाखवावा’ लागत नाही, स्वर चढले की तो आपोआप पालटतो. श्रोत्याला चारुकेशी हे नाव ठाऊक असण्याची गरज उरत नाही. शास्त्राचा उपयोग शास्त्र न दिसू देता कसा करावा, याचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

24 डिसेंबर 1967 रोजी पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग नाट्यसंपदेने केला. दोन घराण्यांचे वैर हाच या नाटकाचा विषय असल्यामुळे येथे संगीत ही सजावट नसून कथावस्तूच होती. दोन गायक्या रंगमंचावर प्रत्यक्ष उभ्या करायच्या आणि प्रेक्षकाला, जाणत्याला तसेच अजाणत्याला, त्यांतला फरक कानाने कळवायचा, असे हे दुर्घट काम. अभिषेकीबुवांनी एकच पद दोन घराण्यांच्या तोंडी दोन निरनिराळ्या चालींत घातले, आणि शब्द तेच राहिल्यामुळे चालींतला भेद सामान्य प्रेक्षकाच्याही ध्यानात तत्काळ आला. ज्याने स्वतः चार घराण्यांचे उंबरे ओलांडले होते त्यालाच हे सुचावे यात नवल नाही. खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे यांनी जो इतिहास घडविला तो सर्वश्रुत आहे. सदाशिवाची भूमिका आमच्या शेजारच्या डिचोलीचे प्रसाद सावकार यांनी केली, आणि ‘रंगबोधेच्छू’ कंपनीचे रघुवीर सावकार यांचा हा पुत्र असल्यामुळे जुन्या रंगभूमीचा धागाही त्यात विणला गेला. 2015 मध्ये याच नाटकावरून मराठी चित्रपट निघाला, तेव्हा अर्धशतकापूर्वीच्या त्या चाली ज्यांचे आईबाप प्रथम प्रयोगाच्या वेळी शाळेतही गेले नव्हते अशा तरुणांच्या तोंडी पुन्हा बसल्या. ‘लेकुरे उदंड जाली’सारख्या हसत्या-खेळत्या नाटकाला, ‘मीरा मधुरा’सारख्या भक्तिप्रधान नाटकाला आणि फाळणीच्या पार्श्वभूमीवरील ‘हे बंध रेशमाचे’ला त्यांनी दिलेले संगीत परस्परांहून किती भिन्न आहे, ते त्या त्या प्रकरणात पाहावे.

भावगीत आणि अभंग या दोन प्रांतांतही त्यांचा अंमल तितकाच चालला. मंगेश पाडगावकरांचे ‘माझे जीवनगाणे’ पु. ल. देशपांडे यांच्या चालीत त्यांनी गायिले. दुसऱ्याच्या चालीत गाताना आपले पांडित्य दाराबाहेर ठेवून येण्याचा विनय त्यांच्यात किती होता, हे त्या ध्वनिमुद्रिकेवरून दिसते. आवाज त्यांचा जात्या मुलायम म्हणावा असा नव्हता. त्यात किंचित धार होती, आणि नाकातून येणारी एक झाक होती. परंतु या आवाजाला मेहनतीने आलेला असा एक ठामपणा होता, की अभंगातील ‘विठ्ठल’ हे तीन अक्षरांचे नाव त्यांच्या तोंडून आले म्हणजे ऐकणाऱ्याला कोणीतरी समोर उभे राहून बोलल्याचा भास व्हावा. चोखोबांचा ‘अबीर गुलाल’ त्यांच्या चालीत आज वारीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र म्हटला जातो. आमच्या महालात तर तो भजनाच्या वहीत हाताने उतरवून घेतलेला असतो आणि वर ‘चाल : पंडितजींची’ एवढाच शेरा असतो.

त्यांच्या ख्यालगायनाविषयीची तक्रार वर आलीच आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मैफलीत ख्याल संपत आला, की श्रोत्यांतून नाट्यपदाच्या चिठ्ठ्या येऊ लागत. आणि महाराष्ट्राबाहेर ज्यांचे नाव ख्यालगायक म्हणून आणखी मोठे व्हावयास हवे होते, त्यांची कीर्ती मराठीच्या शिवेआत जरा अधिकच सामावून राहिली, हे खरे. परंतु हा तोटा कोणाचा, याचा विचार करावा. अनवट राग आणि जोडराग यांची त्यांना असलेली ओढ, बंदिशीचा मुखडा निरनिराळ्या वाटांनी समेवर आणण्याची हातोटी, बोलतानेत अक्षर न चुरगळण्याची दक्षता, हे सर्व ख्यालातील गुण. आणि तेच गुण नाट्यपदात उतरल्यामुळे लाखो श्रोत्यांचे कान नकळत तयार झाले. आज मराठी मुलखात शास्त्रीय संगीताला जो सामान्य श्रोता मिळतो, तो कोणत्याही संगीतशास्त्राच्या ग्रंथाने घडविलेला नाही. तो या पदांनी घडविला आहे. अमेरिकेत पंडित रविशंकर यांच्या संगीतशाळेत त्यांनी काही काळ अध्यापन केले, तेव्हा परभाषक विद्यार्थ्यांपुढे शब्दाचा आधार त्यांना नव्हता. तेथेही जो गुरू रुजला तो शुद्ध स्वरलयीचा जाणता होता, हे तक्रार करणाऱ्यांनी विसरू नये.

अध्यापनाचा विषय निघालाच आहे, तर या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग कोणता, तेही सांगून टाकतो. लोणावळ्याच्या घरी त्यांनी गुरुकुल मांडले, शिष्यांना घरात ठेवून घेतले, आणि आपण जे दहा दारी फिरून मिळविले ते एका दारात वाटून टाकले. प्रभाकर कारेकर, राजा काळे, डिचोलीचे अजित कडकडे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, विजय कोपरकर, हेमंत पेंडसे, त्यांचे चिरंजीव शौनक, अशी ही शिष्यशाखा. आणि तिचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्यापैकी कोणाही दोघांचे गाणे एकसारखे नाही. कोणी नाट्यपदात रमले, कोणी ख्यालात, कोणी भक्तिगीतात. गुरूने गळ्याचा छाप मारला असता तर ही विविधता दिसली नसती. दिली ती दृष्टी. आणि त्या दृष्टीचे पहिले सूत्र, शब्द समजून घेतल्याखेरीज तोंड उघडू नये, हे त्या सर्वांच्या गाण्यात निरपवाद दिसते.

1988 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1989 मध्ये संगीत नाटक अकादमीने गौरविले. आणि 7 नोव्हेंबर 1998 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षात, ते पुण्यास निवर्तले.

प्रस्तुत ग्रंथकाराने हा सर्व पट मांडताना भक्ताची भूमिका घेतलेली नाही, हा या ग्रंथाचा मोठा गुण. जेथे चाल शब्दावर मात करून गेली आहे तेथे त्याने तसे स्पष्ट लिहिले आहे; जेथे गुरुपरंपरेविषयी नाना आख्यायिका प्रचलित आहेत तेथे दस्तऐवजाचा आधार असेल तेवढेच घेतले आहे; आणि पदांची चर्चा करताना स्वरलेखनाचा भार वाचकावर न टाकता, कोणत्या शब्दावर काय घडते ते साध्या भाषेत सांगण्याची पद्धत पत्करली आहे. ती चरित्रनायकाच्या वृत्तीला साजेशी आहे. वाचकाला माझी सूचना एवढीच, की हा ग्रंथ एका बैठकीत वाचून संपवू नये. ‘मत्स्यगंधा’चे प्रकरण काढावे, त्यातील पदे ऐकावी, पुन्हा प्रकरणाकडे यावे, मग ‘कट्यार’ घ्यावे. ज्यांना राग ओळखता येतात त्यांनी ते ज्ञान क्षणभर बाजूला ठेवून आधी नुसते शब्द ऐकावे, आणि ज्यांना राग ओळखता येत नाहीत त्यांनी त्याबद्दल मनात किंचितही संकोच बाळगू नये. कारण हे गाणे बांधताना त्या गायकाच्या नजरेसमोर दोघेही होते, आणि दोघांपैकी एकालाही वगळून त्याला आपले काम पुरे झाले असे वाटले नसते.

इब्रामपूर, पेडणे महाल, गोवा